नाव सोडून सगळं

नारिनला मी आलो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक गादी आणि भरपूर ऐट होती. ऐट चातकालची. आमचं खोरं डोंगरापलीकडे एका बाजूला पडलेलं, वर्षातले सहा महिने खिंड बर्फाने बंद, तरी आमची समजूत अशी की जग आमच्याकडे सुरू होतं आणि बाकीचे मागाहून आले. गावच्या शाळेत तीन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, नारिनला, गणित शिक्षक होण्यासाठी सरकारी खर्चाने जागा मिळाली, तेव्हा गावाने ठरवूनच टाकलं की पाच वर्षांनी आपला मास्तर येणार. निघताना निम्मं गाव ट्रकपाशी जमलं. प्रत्येकाने माझं नाव घेऊन काही ना काही बजावलं. तेमिरकुल, टोपी घालत जा. तेमिरकुल, तिकडच्या पोरींच्या नादी लागू नकोस. तेमिरकुल, उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नकोस. त्या वेळी मला त्याचा वैताग आला होता.

सगळ्यात शेवटी बाबा बोलले. "ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी चार वाजता मी इथल्या टपाल कचेरीत येऊन बसेन. तू तिकडून फोन लाव. जीव रमत नसेल तर तसं सांग. त्यानंतरच्या मंगळवारी रोझीमातचा ट्रक बिश्केकहून निघतो, तो शेवटचा. मग खिंड बंद. मग वसंतापर्यंत रडलास तरी उपयोग नाही."

"मी कशाला रडतोय?" मी म्हणालो.

नारिन हे शहर नदीकाठाने लांबच लांब पसरलंय, चादरीची नुसती किनार असावी तसं. रस्ते दोनच. हरवायची सोयच नाही. तरी मी पहिल्याच दिवशी हरवलो, कारण ट्रॉलीबस दोन्हीकडे जाते हे माझ्या लक्षात आलं नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने ट्रंकेसकट उतरवलं आणि विचारलं, "कुठून आलात, पाटील?" चातकाल म्हटल्यावर तो म्हणाला, "वाटलंच."

वसतिगृहात दुरुस्ती चालू होती. कॉलेजच्या कचेरीतल्या बाईने कागदाच्या चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला: जानिल आपा, नदीकडची गल्ली, निळं फाटक. "एकटीच असते. घर नीटनेटकं आहे. भाड्याऐवजी कोळसा, पाणी, बर्फ, एवढं बघायचं," ती म्हणाली.

जानिल आपा साठी उलटलेली, शिडशिडीत, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधलेली बाई होती. तिने मला पाहिलं, माझ्या गादीकडे पाहिलं आणि एकदम आजीसारखी बोलायला लागली. "ये रे, आत ये. दमलास? बस, आधी चहा घे. एवढी गादी कशाला उचलून आणलीस, घरात काय गाद्या नाहीत? नाव काय बाळा तुझं?"

"तेमिरकुल," मी छाती काढून म्हणालो.

तिने हातातली किटली खाली ठेवली. मग ती उठून उभी राहिली. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

"दुसरं काही नाव आहे?" तिने विचारलं. "घरचं? लाडाचं?"

"नाही. हेच. आजोबांनी ठेवलंय."

"आडनाव?"

"सातिबाल्दियेव."

तिने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. "फार लांब आहे," ती म्हणाली. मग चुलीकडे बघत म्हणाली, "खोली ती तिकडची. तुम्ही हातपाय धुऊन घ्या. मग वर बसा."

आत्ता 'ये रे' होतं आणि नाव सांगितल्यावर 'तुम्ही'. माझं काय चुकलं ते मला कळेना. गादी मी तिने सांगूनही उचलून खोलीत नेली, थोडी जोरातच आपटली.

त्या दिवसापासून मी त्या घरात 'पाहुणे' झालो. पाहुणे, चहा झालाय. पाहुणे, पाणी तापलंय. पाहुणे, आज वारा आहे, कान झाका. पहिल्या आठवड्यात हे ठीक होतं. पण पाहुण्याने कधी ना कधी जायचं असतं, आणि दुसऱ्या महिन्यातही ती मला तेच म्हणत राहिली, तेव्हा ती मला रोज सकाळ-संध्याकाळ आठवण करून देतेय असं वाटायला लागलं.

बाकी खाण्यापिण्यात तिने हात आखडला असं मी म्हणणार नाही. नान गरम, लोणी घरचं, बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळले की वाडगाभर माझ्यापुढे. पण सगळं विचित्र. मी खोलीत शिरलो की ती उठायची. मी बसल्याशिवाय बसायची नाही. माझ्या पुढून कधी गेली नाही, वळसा घालून मागून जायची, भले हातात उकळती किटली असो. आणि मला पाठ दाखवायची नाही. ताट ठेवलं की तोंड माझ्याकडे ठेवूनच मागे मागे सरकत दारापर्यंत जायची. एकदा उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचली, तरी वळली नाही.

याचा अर्थ मी माझ्या अकलेने लावला. म्हातारीला वाटतंय, हा पोरगा चोर आहे. पाठ वळली की कपाट उघडेल.

वर्गात एर्मेक नावाचा एकच मुलगा माझ्याशी धड बोलायचा. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुझं थोबाडच तसं आहे, त्यात तिची काय चूक?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "माझ्या काकाकडे ये हवं तर. सहा जण एका खोलीत आहोत, सातवा उभा झोपेल." मी हसलो नाही. त्याच दिवशी बाजारातून कुलूप आणून मी माझ्या ट्रंकेला लावलं, आणि किल्ली गळ्यात घातली, तिला दिसेल अशी. तू मला चोर समजतेस काय, मग मीही तुला समजतो. तिने किल्ली पाहिली. दुसऱ्या दिवशी किल्लीसाठी एक मऊ लोकरीची दोरी विणून दिली, गळ्याला काचायला नको म्हणून. त्यानेही मला रागच आला. राग यायचा ठरवलं की माणसाला कशानेही येतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर घरी जेवण होतं, तिच्या नवऱ्याच्या नावाने दुवा मागायची होती. शेजारपाजारचे पाच-सहा म्हातारे आले. त्यांत पलीकडच्या घरातला ओस्मोन, पंच्याहत्तरीचा, दाढी छातीपर्यंत. मी रीतीप्रमाणे दाराजवळ बसलो. अठरा वर्षांच्या पोराची जागा तीच, चहा ओतायची, बुटांपाशी. तर जानिल आपा म्हणाली, "पाहुणे, तुम्ही वर."

वर म्हणजे तोरवर. दारासमोरची, भिंतीलगतची, जाड गादीची मानाची जागा. तिथे सगळ्यांत वयस्क माणूस बसतो. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ती उभीच राहिली, आणि ती बसेना म्हणून कुणीच बसेना, म्हणून शेवटी मी लाल होऊन त्या सगळ्या पांढऱ्या दाढ्यांच्या वर जाऊन बसलो. मटण आलं. कमरेचं मोठं हाड, जे बैठकीतल्या थोरल्याच्या ताटात जातं, ते तिने माझ्या ताटात ठेवलं.

ओस्मोन मिशीत हसला. "घ्या, घ्या, वडीलधारे," तो मला म्हणाला. "आम्ही आपली पोरंबाळं, आम्हाला काय, मानेचं हाड दिलं तरी चालेल." त्यावर सगळे म्हातारे हसले. नुसते हसले नाहीत, एकमेकांना कोपरं मारून हसले.

माझा असा पाणउतारा आमच्या गावात कुणी केला असता तर त्याच्या घराला मी आठवडाभर झोपू दिलं नसतं. तिथे मी ते हाड खाल्लं. चव कळली नाही.

नंतरच्या दिवसांत मला एक गोष्ट कळली आणि ती सगळ्यांत जास्त लागली. वर्गात प्राध्यापक आडनावाने हाक मारायचे. एर्मेक मला 'चातकाल' म्हणायचा. घरात मी पाहुणा. म्हणजे त्या अख्ख्या शहरात दोन महिन्यांत एकाही माणसाने मला माझ्या नावाने हाक मारली नव्हती. ऐकायला क्षुल्लक वाटतं. मलाही वाटायचं. पण एका संध्याकाळी पाणी आणायला गेलो असताना मी नदीकाठी उभं राहून मीच मला हाक मारली. नारिन नदीचा आवाज एवढा की मलाच ऐकू आली नाही. बादल्या खाली ठेवल्या आणि चक्क रडलो. बाबांना काय सांगून आलो होतो ते आठवलं, तरी थांबलो नाही.

त्यात कॉलेजची चिठ्ठी आली. महिनाअखेरीस कचेरीने सांगितलं की वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांनी सोमवारपर्यंत घरमालकाच्या हातचं पत्र आणायचं: अमुक नावाचा विद्यार्थी माझ्याकडे राहतो, वागणूक अशी अशी. ते नसेल तर जागा धोक्यात. शुक्रवारी मी जानिल आपापुढे कागद ठेवला. ती लिहू-वाचू शकत होती. लिहू-वाचू कसली, जवळजवळ तीस वर्षं टपाल कचेरीत टेलिफोन एक्स्चेंजवर होती, अक्षर छापल्यासारखं. चष्मा लावून तिने शांतपणे अख्खं पत्र लिहिलं. शांत स्वभावाचा, कष्टाळू, वेळेवर घरी येणारा. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. मग तिने कागद माझ्याकडे सरकवला. नावाच्या जागी कोरी जागा.

"तेवढं तुम्ही घाला," ती म्हणाली.

"का?"

"तुमचं अक्षर चांगलं आहे."

"आपा, माझं अक्षर कोंबडीचं आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. दोन महिने तुमचा कोळसा वाहतोय. एकदा नाव घेतलं नाहीत. निदान लिहायला तरी काय हात झिजतो?"

तिने पेनाला टोपण लावलं.

"मी चोर नाही," मी म्हणालो. "मी तुमच्या मानगुटीवर येऊन बसलेलाही नाही. नको असेन तर सरळ सांगा. आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा नाव घेऊन हाकलतात."

तिचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला. ती उठली आणि मागे मागे सरकत, माझ्याकडे तोंड ठेवून, बाहेर गेली. मी तिथेच ठरवलं. उद्या शनिवार. बाबांना सांगायचं, येतो. गावाला मास्तर दुसरा मिळेल.

शनिवारी मी तीन वाजताच टपाल कचेरीत पोचलो. खिडकीमागे एक जाडजूड, गालांवर तजेला असलेली बाई बसली होती. छातीवरच्या पाटीवर मायराम एवढंच लिहिलं होतं. चातकालचा फोन म्हटल्यावर तिने उसासा टाकला. "बेटा, चंद्रावरचा लवकर लागतो. बस तासभर. नाव सांग, पत्ता सांग, फॉर्म भरते."

मी पत्ता सांगितला. नदीकडची गल्ली, निळं फाटक.

"जानिल-एजेकडे?" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणता म्हणता तिचं पेन थांबलं. "आणि नाव?"

"तेमिरकुल."

मायराम-एजेने माझ्याकडे पाहिलं. मग पेन ठेवलं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती एवढी हसली की मागच्या टेबलावरच्या मुलीने पाणी आणून दिलं. "तो तूच होय," ती डोळे पुसत म्हणाली. "या खुदा. मला वाटलं तू दाढीवाला तरी असशील. तर हा असा, ओठावर दूध."

"यात हसण्यासारखं काय आहे?" मला मिरच्या झोंबल्या.

"तुला अजून कुणी सांगितलं नाही? दोन महिने? अरे वेड्या, तिच्या सासऱ्याचं नाव तेमिरकुल."

डोक्यात काहीतरी सरकलं, पण जागेवर बसलं नाही.

"सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत हे तरी चातकालमध्ये माहीत आहे की नाही?"

"माहीत आहे. माझी आजी घेत नसे. पण ते जुनं झालं."

"तिच्यासाठी नाही झालं. आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी, सत्तावीस वर्षं. दिवसभर लोकांची नावं ओरडायची हेच काम. या नावाचा फोन आला की ती मला कोपराने ढोसायची, मग मी ओरडायची. या जिल्ह्यात या नावाचे म्हातारे काय कमी आहेत? माझ्या बरगडीला अजून घट्टा आहे. साहेब चिडले, म्हणाले, काम आहे की सासुरवास? ती म्हणाली, पगार कापा, पण ते माझ्या तोंडून येणार नाही. शेवटी साहेबच दमले."

एकेक गोष्ट मला आता उलटी दिसायला लागली. उठून उभं राहणं. पुढून न जाणं. पाठ न दाखवणं, सासऱ्यापुढे सून वागते तसं. तुम्ही. तोर. ते हाड. म्हातारे मला हसत होते ते खरंच, पण मी समजलो तसं नव्हे. गळ्यातल्या त्या लोकरीच्या दोरीला माझा हात लागला आणि कान तापले. मी तिच्यासमोर ती किल्ली मुद्दाम शर्टाबाहेर काढून फिरत होतो.

"मी पोरगा आहे तिच्यापुढे," मी म्हणालो. "नातवासारखा. मला कसं सुचणार?"

"तिला ते कळत नाही का? आलास त्याच दिवशी माझ्याकडे धावत आली. म्हणाली, मायराम, पोरगा गोड आहे, पण नाव ते आहे, मी हाक कशी मारू? मी म्हटलं, त्यात काय, दुसरीकडे पाठव, घरं कमी आहेत का? तर माझ्यावरच डाफरली."

"काय म्हणाली?"

मायराम-एजेने कागद बाजूला केले. आता ती हसत नव्हती. "तिचा नवरा गेला तेव्हा ती सव्वीसची होती. लेक कडेवर. माहेरचे गाडी घेऊन न्यायला आले. सासरचे बाकीचे म्हणत होते, जाऊ दे, तरुण आहे. म्हातारा फाटकात उभा राहिला. म्हणाला, मुलगा गेला, मुलगी जाऊ देणार नाही, तिला स्वतःला जायचं असेल तर तिने मला सांगावं. तिने सांगितलं नाही. मग त्यानेच खटपट करून तिला इथे लावली. लोक तोंडाला येईल ते बोलले. सुनेला कामावर पाठवतो, परक्यांशी बोलायला बसवतो. तो हिवाळ्यात रोज पाळी सुटताना त्या दारात यायचा, फेल्टचे बूट घालून, आणि घरी घेऊन जायचा. आत नाही यायचा, तिला अवघडेल म्हणून. बावीस वर्षं. वारला त्या आठवड्यापर्यंत." तिने नाक पुसलं. "मला म्हणाली, त्या नावाच्या माणसाला मी फाटकातून परत पाठवू? मग मला कशाला ठेवून घेतलं होतं त्यांनी?"

मी बाकावर जाऊन बसलो. काल मी काय काय बोललो ते शब्दाशब्दाने आठवत होतं. कुत्र्यालासुद्धा नाव घेऊन. मला खूप लाज वाटली, याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येणार नाही.

पावणेपाच वाजता मायराम-एजे खुर्चीतून उठली आणि अख्खी कचेरी दणाणेल असं ओरडली, "चातकाल! तेमिरकुल! तीन नंबर!"

त्या शहरात माझ्या नावाची ती पहिली हाक. बाकावरचे दोन म्हातारे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी लगेच उठलोच नाही.

फोनमध्ये आधी वारा ऐकू आला, मग बाबा. "तेमिरकुल? खातोस का नीट?"

"खातो, बाबा."

"खिंडीत पडायला लागलंय. रोझीमात मंगळवारी पहाटे निघतोय, थांबणार नाही कुणासाठी. आई म्हणते, रमत नसेल तर ये. मी काही म्हणत नाही." ते थांबले, मग म्हणाले, "मास्तरचं काय, होईल कुणीतरी." त्यांच्या आवाजावरून कळत होतं की कुणीतरी होणार नाही.

"नाही येत, बाबा."

"नक्की?"

"नक्की. खिंड बंद होऊ दे."

तिकडे त्यांनी कुणाला तरी सांगितलं, नाही येत म्हणतोय. मागे चार-पाच माणसं एकदम बोलली. म्हणजे निम्मं गाव तिथेही जमलं होतं. "घरमालकीण बरी आहे ना?" बाबांनी विचारलं.

"ती मला सासरा समजते."

"काय समजते?"

"उन्हाळ्यात सांगेन," मी म्हणालो, आणि फोन तुटला.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. जानिल आपा दाराजवळ समोवारपाशी बसली होती, मी शिरताच उठली. जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरलेली होती, तिच्यावर, नान, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाहुणे, वर बसा. गारठून आलात."

मी वर गेलो नाही. समोवारपाशी, तिच्या जागेवर, बूट काढून मांडी घातली.

"तिथे वारा लागतो," ती म्हणाली.

"लागू दे. मायराम-एजेने सगळं सांगितलं."

तिने रुमालाचं टोक सारखं केलं. "त्या बाईला तोंड आवरत नाही. एक्स्चेंजवर असतानाही सगळ्यांचं ऐकायची." मग खालीच बघत म्हणाली, "मला कळतं हो, तुम्ही पोर आहात. डोक्याला कळतं. पायांना कळत नाही. ते आपले आपण उठतात."

"काल मी फार वाईट बोललो, आपा. मला माफ करा. मला वाटलं तुम्हाला मी नको आहे. दोन महिने मला तेच वाटत होतं."

"नको असता तर तुम्हाला मधली खोली दिली असती का? ती त्यांची खोली." तिने त्या दाराकडे पाहिलं. "आणि बोलण्याचं काय घेऊन बसलात. आपल्या खारट चहात मीठ कमी पडलं की तेही असेच तडतडायचे. मला सवय आहे."

किटली शिट्टी मारायला लागली. तिने हात पुढे केला, मी आधी उचलली. मला एकदम एक गोष्ट सुचली, आणि सुचली तशी मी ती बोलून टाकली, कारण विचार केला असता तर धीर झाला नसता.

"सासऱ्याने सांगितलेलं सुनेने ऐकायचं असतं ना?"

तिने दस्तरखानावरचा नान उगाच सरकवला.

"असतं की नाही?"

"असतं."

"मग मी सांगतो. आज तुम्ही वर बसा. चहा मी ओततो."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "अशी चेष्टा करू नये."

"चेष्टा नाही, आपा. त्यांच्या नावाने कशी करीन?"

बराच वेळ ती उभी होती. मला वाटलं, आता खरंच घालवते. मग तिने हात धुतले. रुमाल सोडून पुन्हा बांधला. ओढणी सारखी केली, आणि भिंतीकडेने, घाबरत घाबरत, परक्याच्या घरात आल्यासारखी, वर गेली. तोरच्या गादीच्या अगदी कडेला टेकली, कुणी ओरडलं तर चटकन उठता यावं अशी.

"नीट बसा," मी म्हणालो. सासऱ्याच्या आवाजात.

ती नीट बसली. शेहेचाळीस वर्षं त्या घरात काढून ती तिथे पहिल्यांदा बसत होती, हे मला तिने सांगावं लागलं नाही. गादीवरून तिने एकदा हात फिरवला, धूळ आहे का बघावं तसा.

मी चहा ओतला आणि पेला काठोकाठ भरून तिच्यापुढे नेला. तिने पेल्याकडे बघितलं आणि तिला राहवलं नाही. "अरे, एवढा भरतात का? पाहुण्याला भरून दिला म्हणजे पी आणि चालायला लाग. अर्धाच द्यावा, म्हणजे पुन्हा मागता येतो. तुझ्या आईने काहीच शिकवलं नाही का तुला?"

'तुला' म्हणाली. तिच्या लक्षात आलं, की नाही, मला माहीत नाही. मी पेला अर्धा करून आणला.

ती दोन्ही हातांत पेला धरून समोर बघत होती. तोरवरून खिडकी समोर येते, आणि खिडकीतून फाटक. मला ते दोन महिन्यांत पाठ झालं होतं. "ओस्मोन येतोय," ती म्हणाली. "अजून फाटकातच आहे. एक पेला काढ."

आणि तिथेच थांबली. पेला खाली ठेवला.

"ते नेहमी असंच सांगायचे," ती हळू म्हणाली. "दार वाजायच्या आधी. जानिल, अमुक येतोय, दोघे आहेत, चहा ठेव. कधी चुकले नाहीत. मला वाटायचं, खुदाने त्यांना काहीतरी वेगळं दिलंय. मी बायकांना सांगायची, आमच्याकडच्यांना आधीच कळतं म्हणून." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "इथून दिसतं होय."

ती तोंडाला रुमाल लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. मी समोवारपाशी बसून राहिलो. मला तो म्हातारा पहिल्यांदाच दिसत होता, तिथे बसलेला, गमतीने गप्प.

दार वाजलं. ओस्मोन आत आला, बूट काढता काढता त्याने मान वर केली आणि तोरवर जानिल आपाला पाहिलं. त्याचा हात बुटावरच राहिला. मग त्याने दुसरा बूट काढला आणि दाराजवळ माझ्या शेजारी बसला.